साडेपाच फुटांचा अंधार

पौड हे तालुक्याचं गाव, त्यामुळे कागदाचं गाव. मुळशीतला कुठलाही माणूस सकाळच्या गाडीनं इथे उतरला की त्याच्या काखेत प्लॅस्टिकची पिशवी असते आणि पिशवीत कागद असतात. सातबारा, आठ-अ, फेरफार, आजोबांच्या वेळचा सातबारा, आणि हे सगळं खरं आहे असं शपथेवर सांगणारा स्टॅम्पपेपर. कचेरीच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं मोजायला बसलं तर हातातला चहा गार होतो. पुण्याच्या लोकांना चांदणी चौक ओलांडून डोंगर दिसला की जमीन घ्यावीशी वाटते, आणि घेतली की ती आधी नेमकी कोणाची होती हे शोधायला पौडला यावं लागतं. अशा गावात माणसाच्या पाठीशी देव नसला तरी निभतं, कागद मात्र लागतो.

आणि आमच्या ह्यांनी नेमका असा फिल्मचा रोल घरात आणला, ज्याच्या पाठीशी कागदच नाही.

ह्यांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेली. 'सोबत मूळ प्रत जोडावी' असा शेरा मारल्याशिवाय त्यांनी कोणाचा अर्ज परत पाठवला नाही, आणि परत न पाठवता कोणाचा अर्ज घेतलाही नाही. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, भावाशी बांधावरून भांडतात, गुडघ्यांचे डॉक्टर बदलतात. ह्यांनी जुन्या बाजारातून कॅमेरा आणला. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. हे रविवारी गेले, भाव ऐकून परत आले आणि बुधवारी तोच भाव देऊन आले. मधल्या तीन रात्री घरात कोणी झोपलं नाही.

कॅमेरा जपानी, याशिका मॅट १२४ जी. डबा उभा, त्याला दोन भिंगं, एक वर आणि एक खाली. वरचं आपल्याला दिसण्यासाठी, खालचं फिल्मला दिसण्यासाठी. बघायचं वरून, मान खाली घालून. त्यामुळे हे कोणाचाही फोटो काढायला उभे राहिले की समोरच्याला वाटतं, साहेब आपल्याला नमस्कार करतायत. तोही नमस्कार करतो. आमच्याकडे गावातल्या निम्म्या प्रतिष्ठितांचे फोटो हात जोडलेले आहेत. शिवाय त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. मनुष्य चौकटीत मधोमध यावा म्हणून हे एकीकडे सरकतात आणि तो काचेत भलतीकडे जातो. भातलावणीच्या दिवसांत ह्यांनी असं सरकत सरकत थेट चिखलणी केलेल्या खाचरात पाय घातलेला आहे आणि लावणीच्या बायकांनी त्यांच्या हातात आवणाची जुडी दिलेली आहे.

१२४ या आकड्यात कॅमेऱ्याची सगळी कुंडली आहे, असं मला सांगण्यात आलं. बारा आणि चोवीस. म्हणजे यात बारा फोटोंचा रोल चालतो आणि चोवीस फोटोंचाही चालतो. आत फिल्मला पाठीमागून दाबून धरणारी एक पट्टी असते, ती सरकवली की बाराची चोवीस होते. बारा फोटोंचा रोल म्हणजे १२०. कोडॅकनं तो 1901 साली एका ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि तो अजून मिळतो. सव्वाशे वर्षं एकाच मापात टिकलेली दुसरी वस्तू आमच्या घरात नाही. माझ्या माहेरी बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री होता, त्यातही हाच रोल. सहा सेंटिमीटरच्या आसपास रुंद फिल्म, आणि तिच्या पाठीला पहिल्यापासून शेवटपर्यंत कागद. कागदावर आकडे छापलेले. कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची खिडकी, त्यातून आकडा बघायचा आणि बाबा म्हणायचे, "नऊ झाले. आता महाबळेश्वर संपेपर्यंत कोणी हसायचं नाही."

1965 साली कोडॅकला असं वाटलं की तो कागद काढून टाकला तर त्याच रिळावर दुप्पट फिल्म बसेल. बसली. तिला नाव दिलं २२०. कागद फक्त दोन टोकांना, चिकटपट्टीनं जोडलेला, मधे नुसती फिल्म. बाराऐवजी चोवीस फोटो. पण पाठीशी कागद नाही म्हटल्यावर लाल खिडकीचे कॅमेरे बाद झाले, कारण खिडकीतून आलेला उजेड थेट फिल्मवर. आणि सैल गुंडाळली गेली तर कडेनं उजेड आत शिरतो. कागदपत्रं नसलेल्या जमिनीत जसे शेजारी शिरतात, असं हे म्हणाले. निवृत्त झाला तरी माणसाचं खातं सुटत नाही.

चोवीसचा खरा उपयोग लग्नात. परदेशातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांचा हा लाडका रोल होता, आणि का होता ते मला लगेच कळलं. आमच्या लग्नात फोटोग्राफर बाराचा रोल घेऊन आला होता. सीमांतपूजनात पाच गेले, गौरीहराशी तीन, मामांनी हात धरून आणलं त्यात दोन, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा तो पाठ फिरवून नवा रोल भरत होता. वरून अक्षता पडतच होत्या. त्यातल्या दोन-चार कॅमेऱ्यात गेल्या असणार, कारण पुढच्या प्रत्येक फोटोत माझ्या डाव्या डोळ्यापाशी तांदळाएवढा काळा डाग आहे. हार घालतानाचा फोटो नंतर परत हार घालायला लावून काढला. त्यात आम्ही दोघंही आधीच लग्न झाल्यासारखे दिसतो.

आता २२० कोण करतो? कोडॅकनं बंद केला, इलफर्डनं केला, फुजीनं केला. चीनमध्ये शांघाय नावाचा छाप थोडाफार निघतो म्हणतात. ह्यांचे रोल आले अमेरिकेतल्या भाच्याकडून. त्यानं येताना मुदत संपलेले रोल आणले आणि जाताना मुदत न संपलेली भाजणी नेली. मामाला वाटलं, सौदा आपल्या बाजूनं झाला.

पहिला रोल काढून झाल्यावर हे तो धुवायला घेऊन पुण्याला गेले. दुकानातल्या मुलानं रोल हातात फिरवून विचारलं, "काका, ह्याच्या मागचा कागद कुठाय?" जन्मभर जो प्रश्न ह्यांनी लोकांना विचारला तो कोणीतरी त्यांना विचारला. ते त्याच पावली परत आले आणि जेवताना जाहीर केलं, की रोल घरी धुवायचा.

घरी रोल धुवायचा म्हणजे आधी अंधार लागतो. आता अंधाराची पौडात टंचाई आहे असं कोणी म्हणणार नाही. ताम्हिणीकडून ढग आले आणि वीज गेली की आमचं गाव पार काळ्याकुट्ट काळोखात बुडतं. पण तो अंधार फिल्मच्या कामाचा नाही, असं निघालं. सिनेमात लाल दिवा लावून फोटो धुतात ते कागदावर छाप उतरवताना. फिल्मला सगळे रंग कळतात, लालसुद्धा. तिला अंधार पूर्ण हवा. असा पूर्ण अंधार घरात शोधायला लागल्यावर समजलं की आपण किती उजेडात राहतो. न्हाणीघराला झरोका. देवघरात समई. स्वयंपाकघरात फ्रिजचा ठिपका, माजघरात इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, नातवाच्या बुटांच्या टाचेत पाऊल टाकलं की पेटणारे लाल ठिपके. ह्यांनी सगळ्या ठिपक्यांवर काळी चिकटपट्टी लावली. फ्रिज बंद आहे की चालू हे त्यानंतर दूध नासल्यावरच कळायचं.

मग आली पिशवी. काळी, दुपदरी, दोन बाह्या असलेली. आत रोल, रीळ, कात्री आणि फिल्म धुवायची टाकी ठेवायची, चेन लावायची, बाह्यांत हात घालायचे आणि आत जे काय करायचं ते न बघता करायचं. बाहेरून दिसतं ते एवढंच, की एक सुशिक्षित गृहस्थ शर्ट उलटा घालून त्यात अडकले आहेत. हात आत गेल्याबरोबर नाकाला खाज सुटते. हा निसर्गनियम आहे. त्याच वेळी फोन वाजतो, दारात गॅसवाला येतो आणि चष्मा घसरतो. "अगं, चष्मा वर कर." मी म्हटलं, "अहो, पिशवीत तुम्हाला तसंही काही दिसत नाही." तर म्हणाले, "चष्मा नसला की हाताला सुचत नाही." मी वर केला. संसारात वाद कोणत्या मुद्द्यावर घालायचा हे ठरलेलं असतं.

बारा फोटोंची फिल्म ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास असते. ती पिशवीत कशीबशी मावते, वळते, रिळावर चढते. चोवीसची त्याच्या दुप्पट, साडेपाच फुटांच्या आसपास. म्हणजे आमच्या ह्यांच्या उंचीएवढी, आणि स्वभावालाही तशीच. एका बाजूनं आवरावी तर दुसऱ्या बाजूनं उलगडते. रीळ प्लॅस्टिकचं, दोन चकत्यांचं, आतून गोगलगायीसारखा खाचेचा रस्ता. तोंडाशी दोन छोट्या पोलादी गोळ्या असतात. फिल्मचं टोक त्यांच्यापलीकडे सरकवायचं आणि चकत्या मागेपुढे, मागेपुढे हलवायच्या. गोळ्या फिल्मला पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. सरकारी फाइलीला नेमकं उलटं यंत्र लावलेलं असतं.

बाराची फिल्म निम्म्या रस्त्यात संपते. त्याच रिळावर बाराच्या दोन फिल्मा एकापाठोपाठ चढवता येतात, तेवढी जागा आहे. चोवीसच्या एकीलाच मात्र ती सगळी लागते, अगदी गाभ्यापर्यंत. आणि दोन-तृतीयांश वाट गेली की ती अडते. पुढे नाही, मागे नाही. जोर लावला तर खाचेतून बाहेर येते आणि शेजारच्या पदराला चिकटते. जिथे दोन पदर चिकटले तिथे औषध पोचत नाही, म्हणजे तिथला फोटो गेला.

अडते का, याचं शास्त्र ह्यांनी मला समजावलं. फिल्मवर रुपेरी क्षारांचा जो थर असतो तो जिलेटिनमध्ये कालवलेला. जिलेटिन दमट हवेत ओल धरतं, फुगतं, चिकट होतं. रिळाला एक थेंब पाणी राहिलं असेल तरी संपलं. आणि हे सगळं चालू होतं मुळशीच्या जुलैत, जिथे पापड तळण्याआधीच वातड होतात आणि मीठ चमच्यानं खणावं लागतं. त्यात पिशवीतल्या हातांना घाम. हे आत हात घालून बसले की अर्ध्या तासात पिशवीचं स्वतःचं हवामान तयार होई. मग रीळ कोरडं करण्याच्या मोहिमा सुरू झाल्या. माझा केस वाळवायचा पंखा गेला. नंतर रीळ तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. आमचा आंबेमोहोर. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते वासासाठी, रिळं वाळवण्यासाठी नव्हे. त्या आठवड्यात भाताला रिळाचा वास येत नव्हता, पण रिळाला भाताचा येत होता, आणि हे म्हणाले की हे शुभलक्षण आहे.

जिलेटिनचं नाव निघाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कशाचं असतं रं त्ये?" ह्यांनी खरं सांगितलं. जनावरांच्या हाडांचं, कातड्याचं. सासूबाई माळकरी. आषाढी दोन दिवसांवर. रोल, रीळ, टाकी सगळं तडकाफडकी ओसरीवर गेलं आणि द्वादशीला पारणं फिटेपर्यंत तिथेच राहिलं. ह्यांनी त्यावर एक गोष्ट सांगितली, जी मला ह्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आवडते. काही जिलेटिनची फिल्म जास्त तल्लख का निघते, काहीची मंद का, हे कोडं कोडॅकला बरेच दिवस सुटत नव्हतं. 1925 च्या सुमारास त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या सॅम्युएल शेपर्ड यांनी ते सोडवलं. गाईंच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची रोपं असली की त्यातलं गंधकाचं द्रव्य जिलेटिनमध्ये उतरतं आणि त्या अंशमात्र गंधकामुळे फिल्मला उजेड लवकर कळतो. म्हणजे जगातला सगळा सिनेमा मोहरीवर चालला होता. सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. "मोहरीबिगर काय व्हतंय?" त्या म्हणाल्या.

शेवटी पिशवीचा नाद सोडून कोठीची खोली ठरली. आमच्या जुन्या घराच्या मागे भाताची पोती ठेवायची खोली आहे, बिनखिडकीची. दाराच्या फटीला गोधडी लावली की आतला अंधार कापून विकता येईल असा. हे आत गेले. मी बाहेर गोधडीवर पाय ठेवून पहाऱ्याला. आतून आधी कागद सुटल्याचा आवाज, मग चिकटपट्टी ओढल्याचा. ती झटकन ओढली की अंधारात निळसर उजेड चमकतो म्हणतात, म्हणून हळू ओढायची. मग चकत्यांची टकटक. मग टकटक बंद. मग शांतता. मग काहीतरी पोत्यांमागे पळालं त्याचा आवाज, आणि त्याला उद्देशून ह्यांनी काढलेले उद्गार.

"अडकली?" मी विचारलं.

"अडकलेली नाही. थांबलेली आहे."

या वेळी सासूबाई उठल्या. नव्वदीच्या आसपासचं वय, नऊवारी, आणि कोणाला काही न विचारता काम करण्याची सवय. म्हणाल्या, "सर बाजूला." त्यांना आत सोडलं, गोधडी परत लावली. पुढचं सगळं मी कानांनी पाहिलं.

"ह्ये काय हाय?"

"आई, फिल्म आहे. मधे बोट लावू नकोस, कडेला धर. ती ह्या खाचेत घालायची आणि..."

"किती लांब हाय?"

"साडेपाच फूट."

"एवढंच? ह्ये तर पदरालाबी पुरायचं न्हाई."

नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. म्हणजे चोवीस फोटोंचे जवळजवळ पाच रोल टोकाला टोक लावून. आणि ह्या बाई लग्न झाल्यापासून रोज पहाटे, घरातलं कोणी जागं होऊ नये म्हणून दिवा न लावता, तेवढी लांबी चाचपून, चुण्या घालून, कासोटा मारून अंगावर चढवत आल्या आहेत. त्यांची बोटं भातलावणीनं आणि शेणामातीनं कोरडी ठणठणीत झालेली. घाम नाही, घाई नाही, शास्त्र नाही. टकटक सुरू झाली ती मधे न थांबता संपली. त्यांनी आतून विचारलं, "आता ह्या डब्यात घालू?" ह्यांचा आवाज आला तो अगदी लहान मुलाचा होता. "हो आई."

मला त्या दिवशी सरस्वतीबाई फाळक्यांची आठवण झाली. शाळेत आम्हाला दादासाहेब फाळके होते. 1912 साली ते विमा गहाण टाकून लंडनला गेले, विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले, वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चित्र टिपून लोकांना दाखवलं आणि पैसे उभे केले, 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे सगळं पाठ होतं. त्या कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची आणि ती अंधारात बसून यंत्रानं एकेक पाडायची असायची, हे धड्यात नव्हतं. ती त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पाडत. दादरच्या राहत्या घरी. फिल्म धुण्याची औषधं त्या कालवत, फिल्म त्या धुवत, उन्हात चित्रीकरण चाललं की पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड त्याच पाडत, आणि मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. चित्रपटाची लांबी 3,700 फूट. आमच्या भाषेत बोलायचं तर चोवीस फोटोंचे साडेसहाशेहून जास्त रोल. दहाव्या वेळी अडलेल्या एका रोलवरून आमचं घर डोक्यावर घेणाऱ्या माणसानं हा हिशेब एकदा भिंतीवर लिहून ठेवावा. फाळक्यांना चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतात ते योग्यच आहे. जनक एकट्यानं होता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि सरस्वतीबाईंची जोखीम बघा. त्यांच्याकडे दुसरा रोल नव्हता, भाचा नव्हता, आणि चित्रपटापायी गेलेले दागिने त्यांचेच होते. अंधारात यंत्राचा दांडा दाबताना त्यांच्या मनात काय येत असेल ते कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. माझ्या मनात तरी पाटल्या आल्या असत्या.

टाकीचं झाकण लागलं की उजेड चालतो आणि स्वयंपाकघर सुरू होतं. औषधाला डी-७६ म्हणतात, 1927 पासून कोडॅकचं. हे ते विकत घेत नाहीत, कालवतात. एका लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, हायड्रोक्विनोन पाच, सोडियम सल्फाइट शंभर, टाकणखार दोन. दोन ग्रॅम मोजायला घरचा वजनकाटा उपयोगाचा नाही, म्हणून हे सोनाराकडे गेले. सोनारानं तागडी पुसून काढली आणि आशेनं वर पाहिलं. ह्यांनी खिशातून पांढऱ्या भुकटीची पुडी काढली. पुढचा भाग मी ऐकून आहे, सांगत नाही.

टाकीत पाचशे मिली लागतं, रीळ बुडेल एवढं. पण बुडलं म्हणजे भागलं असं नाही. बाराच्या दोन फिल्मांएवढा पसारा आत आहे, त्याला तेवढ्या औषधाची ताकद हवी. पाहुणे वाढले की आमटीत तांब्याभर पाणी वाढवून मी वेळ मारून नेते, तसं केलं तर सगळ्यांची पोटं भरतात पण फोटो मात्र फिकट उपाशी राहतात. म्हणून पाणी कमी आणि औषध जास्त.

आणि पाणी वीस अंशांचं. सगळ्या तक्त्यांवर वीस अंश लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणारा माणूस मुळेच्या काठी राहत नव्हता हे नक्की. आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात हात पोळेल असं असतं आणि डिसेंबरच्या पहाटे दात वाजवणारं. पौडाला वीस अंशांचं पाणी वर्षातून कधीतरी, बहुधा आपण झोपलेले असताना, नळातून वाहून जातं. पाणी गरम असलं तर वेळ कमी करावा लागतो, पण पाच मिनिटांच्या खाली गेलं की फोटोवर डाग पडतात. म्हणून उन्हाळ्यात बादलीत बर्फ. बर्फ कोकमच्या सरबतासाठी केलेला असतो, असं मी म्हटलं. "सरबत पंचवीस अंशांनाही होतं," असं उत्तर आलं.

मग ठरावीक वेळानं टाकी उलटी-सुलटी करायची. हे मोठ्यानं मोजतात. त्याच वेळी सासूबाई माळेवर जप करतात, त्यांचाही आकडा चालू असतो. कुकर शिट्ट्या मोजतो. आमच्या स्वयंपाकघरात एका वेळी तीन मोजण्या चालतात आणि त्या एकमेकींना धक्के देतात. मागे एकदा डाळीला नऊ शिट्ट्या झाल्या आणि फिल्मला तीन मिनिटं. दोन्हींचं वरण झालं.

नंतर हायपो, त्यानं चित्र पक्कं होतं, मग बादल्यांनी पाणी. हे फिल्म अर्धा तास वाहत्या नळाखाली ठेवणार होते. मुळशी धरणाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, आणि तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या बाईसमोर हे बोलणं धाडसाचं होतं. त्यांनी ते बोलून बघितलं. आता फिल्म पाच पाण्यांत धुतली जाते आणि ती पाणी झेंडूला जातात. झेंडूची अजून तक्रार नाही.

राहिलं वाळत घालणं. पावसाळ्यात आमच्या पडवीतल्या दोरीवर जागा मिळणं हे गावात नोकरी मिळण्याइतकं अवघड आहे. गेल्या मंगळवारचे टॉवेल अजून रविवारची वाट बघत असतात. ह्यांनी टॉवेल काढले आणि मधोमध फिल्म लटकवली, वर एक चिमटा, खाली वजनाला तीन चिमटे. मुळशीच्या पावसाचा एक फायदा ह्यांनी शोधून काढला, तो असा की हवेत धूळ नसते, त्यामुळे फिल्मवर कण बसत नाहीत. एवढं एकच काम आमच्या हवेनं त्यांच्या बाजूनं केलेलं आहे.

साडेपाच फूट फिल्म जमिनीला टेकू नये म्हणून दोरी उंच बांधली, त्यामुळे पहिले फोटो बघायला स्टूल लागतं आणि शेवटचे बघायला वाकावं लागतं. आम्ही तिघं स्टूल घेऊन, मान वाकडी करून, क्रमानं बघत गेलो. चोवीस फोटोंची चैन हातात आल्यावर माणूस काय काढतो? आवणाच्या जुड्या. परत आवणाच्या जुड्या, जरा डावीकडून. नमस्कार केलेले सरपंच. नमस्कार केलेला स्टॅम्पव्हेंडर. शेजाऱ्यांचा बैल, नमस्कार न केलेला. कचेरीच्या सूचनाफलकाचे चार फोटो. का, ते मी विचारलं नाही. जुनं प्रेम असतं एखाद्याचं.

खालून तिसरा फोटो सासूबाईंचा होता. ओसरीवर, हातात माळ. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. पांढरंशुभ्र लुगडं काळं झालेलं. मागचा अंधार पांढरा. सासूबाई स्टुलावर बसल्या, वाकल्या, चष्मा पुसून परत घातला. डोक्यावर एक केस काळा राहिला नव्हता त्यांच्या. फिल्ममध्ये मात्र कपाळापासून अंबाड्यापर्यंत दाट काळेभोर केस.

"आता ह्याचा कागदावर फोटो करणार, आई," हे म्हणाले. "मग सगळं सुलट होईल."

"काय करू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "हाय त्येच बरं हाय."

मग त्यांनी त्याच्या खालचा फोटो बघितला. तो मी काढला होता, आमच्या ह्यांचा. जन्मभर कलप लावून जपलेल्या काळ्या मिशांसकट.

"तुझ्या मिशा लई पिकल्या रं," त्या म्हणाल्या.